जीवनसत्त्वे, खनिजे आणि आपले ताट



मंडळाच्या कार्यक्रमाला आपण जमतो, हळदीकुंकू होते, गणपतीची आरती होते आणि मग गप्पा हमखास तब्येतीवर येऊन थांबतात. कुणाचे गुडघे दुखतात, कुणाच्या हातापायाला मुंग्या येतात, कुणाच्या मुलीला जिना चढताना धाप लागते. त्यावर लगेच उपायही सुचवले जातात : "बीट खा", "ताकदीची गोळी घे", "आमच्या ह्यांना अमुक पावडरने फरक पडला". यातले काही बरोबर असते, काही निरुपयोगी असते आणि थोडे धोक्याचेही असते. म्हणून जीवनसत्त्वे आणि खनिजे शरीरात नेमके काय काम करतात, ती कुठून मिळतात आणि सुरतेत राहणाऱ्या आपल्या मराठी घरांनी कशाकडे लक्ष द्यावे, ही माहिती आम्ही येथे एकत्र देत आहोत.

विषय किरकोळ नाही. २०१९-२१ च्या पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार गुजरातमधील १५ ते ४९ वयाच्या महिलांपैकी ६५ टक्के महिलांच्या रक्तात हिमोग्लोबिन कमी आढळले. सहा महिने ते पाच वर्षे या वयाच्या मुलांत हे प्रमाण ८० टक्क्यांच्या जवळ होते. आपल्या माहेरच्या महाराष्ट्रात हेच आकडे महिलांत सुमारे ५४ आणि मुलांत सुमारे ६९ टक्के होते. म्हणजे तापीच्या वरच्या काठावर असो की खालच्या, हा प्रश्न आपल्या घरातलाच आहे.

जीवनसत्त्व म्हणजे काय?

पिष्ट पदार्थ, प्रथिने आणि स्निग्ध पदार्थ यांपासून शरीराला ऊर्जा आणि बांधणीचा माल मिळतो. जीवनसत्त्वांपासून ऊर्जा मिळत नाही. पण ती नसतील तर खाल्लेल्या अन्नाचे रक्त, हाड, स्नायू आणि ऊर्जा यांत रूपांतर करणारी कामे अडतात. ती लागतात फार थोडी. मोठ्या माणसाला दिवसाला ब-१२ हे जीवनसत्त्व दोन-अडीच मायक्रोग्रॅम पुरते. एक ग्रॅम म्हणजे दहा लाख मायक्रोग्रॅम, हे लक्षात घेतले की ही मात्रा किती बारीक आहे ते कळते. पण ही बारीक मात्रा बहुतेक वेळा शरीर स्वतः पुरेशी बनवू शकत नाही, ती बाहेरूनच यावी लागते.

हे माणसाला फार उशिरा समजले आणि त्या गोष्टीचा एक धागा आपल्या सुरतेशीही जुळतो. ऑगस्ट १६०८ मध्ये 'हेक्टर' हे इंग्रज ईस्ट इंडिया कंपनीचे जहाज सुरतेच्या किनाऱ्याला लागले. कंपनीचे भारतात आलेले हे पहिले जहाज. हेच जहाज त्याआधी १६०१ साली कंपनीच्या पहिल्या सफरीत पूर्वेकडे गेले होते. त्या सफरीत खलाशांना स्कर्व्ही झाला. हिरड्या सुजून रक्त येते, जुन्या जखमा उघडतात आणि शेवटी माणूस दगावतो असा हा रोग. ताफ्याचा प्रमुख जेम्स लँकेस्टर आपल्या 'रेड ड्रॅगन' जहाजावरच्या लोकांना रोज सकाळी लिंबाचा रस देत असे. त्याचे लोक बरेचसे ठणठणीत राहिले, इतर जहाजांवरचे मात्र आजारी पडले. पुढे १७४७ साली जेम्स लिंड या नौदलाच्या डॉक्टरने बारा आजारी खलाशांच्या जोड्या करून त्यांना वेगवेगळी औषधे दिली, तेव्हा संत्री आणि लिंबे मिळालेली जोडी सर्वांत लवकर बरी झाली. लिंबात असते काय, हे मात्र तेव्हाही कुणाला ठाऊक नव्हते. ते होते 'क' जीवनसत्त्व.

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस जावा बेटावर ख्रिस्तियान आइकमान यांनी पाहिले की पॉलिश केलेल्या पांढऱ्या तांदळावर वाढणाऱ्या कोंबड्यांचे पाय लुळे पडतात आणि कोंड्यासकटचा तांदूळ दिला की त्या पुन्हा चालू लागतात. कोंड्यात होते ते 'ब-१' जीवनसत्त्व. १९१२ मध्ये काझिमिर फुंक यांनी अशा द्रव्यांना 'व्हिटामिन' हे नाव सुचवले आणि १९२९ साली आइकमान यांना हॉपकिन्स यांच्यासह नोबेल पारितोषिक मिळाले.

आज एकूण तेरा जीवनसत्त्वे मानली जातात. अ, ड, ई आणि के ही चार तेला-तुपात विरघळतात आणि शरीरात साठून राहतात. ब गटातील आठ आणि क ही नऊ पाण्यात विरघळतात. त्यांचा साठा सहसा फार काळ टिकत नाही, म्हणून ती नेहमीच्या जेवणातून यावी लागतात. याला मोठा अपवाद ब-१२ चा. ते यकृतात काही वर्षे पुरेल इतके साठते.

खनिजे म्हणजे मातीतून पिकात आणि पिकातून आपल्यात येणारी मूलद्रव्ये. कॅल्शियम, फॉस्फरस, मॅग्नेशियम, सोडियम, पोटॅशियम ही जास्त प्रमाणात लागतात. लोह, जस्त, आयोडीन, तांबे, सेलेनियम ही अगदी थोडी लागतात. थोडी लागतात म्हणून ती कमी महत्त्वाची, असे मात्र नाही.

मुंबईच्या गिरणी कामगार बायका आणि फॉलिक ॲसिड

आपल्यातील कितीतरी घरे लूम, डाइंग मिल आणि कापड मार्केटवर चालतात. म्हणून ही पुढची हकीकत आपल्याला जवळची वाटेल.

१९२८ साली ल्युसी विल्स नावाच्या ब्रिटिश डॉक्टर मुंबईत आल्या आणि परळच्या हाफकिन संस्थेत काम करू लागल्या. कापड गिरण्यांत राबणाऱ्या गरीब बायका गरोदरपणात अतिशय फिक्या पडत आणि त्यातल्या काही दगावत. त्यांच्या रक्तातल्या तांबड्या पेशी कमी असत, पण आकाराने नेहमीपेक्षा मोठ्या असत. विल्स यांनी आधी जंतुसंसर्ग हे कारण आहे का ते तपासले, ते निघाले नाही. मग त्यांनी या बायका काय खातात याची चौकशी केली. ज्यांच्या जेवणात भाजीपाला, फळे आणि सकस पदार्थ सर्वांत कमी, त्यांनाच हा आजार जास्त होता.

माकडांवरील प्रयोगांत त्यांनी यीस्टपासून बनवलेला 'मार्माइट' हा स्वस्त पदार्थ वापरून पाहिला. तो लागू पडला. मग तोच आजारी बायकांना दिला आणि त्या सुधारल्या. हे निष्कर्ष १९३१ मध्ये प्रसिद्ध झाले. यीस्टमधल्या त्या अनोळखी द्रव्याला 'विल्स फॅक्टर' म्हणू लागले. १९४१ मध्ये पालकाच्या पानांतून ते वेगळे काढण्यात आले आणि लॅटिनमधील 'फोलियम' म्हणजे पान या शब्दावरून त्याला फॉलिक ॲसिड हे नाव पडले. आज भारतातल्या प्रत्येक सरकारी दवाखान्यात गरोदर बाईला जी लाल गोळी मिळते, तिच्यात लोहाबरोबर हेच द्रव्य असते. त्याचा शोध आपल्या मुंबईच्या गिरणगावातल्या बायकांच्या आजारपणातून लागला.

फॉलिक ॲसिड नव्या पेशी तयार होण्यासाठी लागते. म्हणून जिथे पेशी झपाट्याने वाढतात तिथे, म्हणजे रक्तात आणि गर्भात, त्याची कमतरता आधी जाणवते. गर्भाचा मेंदू आणि पाठीचा कणा गर्भधारणेनंतर पहिल्या चार आठवड्यांतच आकार घेतो. त्या वेळी पुष्कळदा बाईला दिवस गेल्याचे कळलेलेही नसते. १९९१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ब्रिटनमधील मोठ्या चाचणीने दाखवले की गर्भधारणेच्या आधीपासून फॉलिक ॲसिड घेतल्यास कण्याच्या जन्मजात दोषांचा धोका खूपच कमी होतो. म्हणून आमची विनंती अशी, की घरात लेकीचे किंवा सुनेचे लग्न झाले आणि मूल हवे असा विचार असेल, तर डॉक्टरांना विचारून ही गोळी आधीच सुरू करावी. डोहाळजेवणापर्यंत थांबू नये.

ताटात फॉलिक ॲसिड कुठे असते? पालक, मेथी, तांदुळजा, चाकवत अशा हिरव्या पालेभाज्यांत, हरभरा, मूग, मटकी, चवळी यांत आणि शेंगदाण्यांत. ते उष्णतेने नाश पावते, म्हणून पालेभाजी फार वेळ शिजवू नये.

लोह : रक्ताचा कणा

तांबड्या पेशीतले हिमोग्लोबिन फुप्फुसातला प्राणवायू शरीरभर पोचवते आणि हिमोग्लोबिन बनायला लोह लागते. लोह कमी पडले की धाप, थकवा, चक्कर, केस गळणे, अभ्यासात लक्ष न लागणे अशी लक्षणे दिसतात. काहींना माती, खडू किंवा कच्चे तांदूळ खावेसे वाटतात. घरात कुणाला अशी सवय दिसली तर रागावू नये, रक्त तपासावे.

भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या २०२० च्या शिफारशीनुसार पुरुषाला दिवसाला १९ मिलिग्रॅम लोह लागते आणि पाळी येणाऱ्या स्त्रीला २९. म्हणजे गरज बाईची जास्त, पण पुष्कळ घरांत तीच शेवटी जेवते. सगळ्यांचे झाल्यावर उरलेली डाळ, तळाची भाजी आणि पोळी तिच्या वाट्याला येते. हे कुणी मुद्दाम करत नाही, पण वर्षानुवर्षे असेच चालते. कुठलीही महागडी पावडर आणण्याआधी घरात ही एक गोष्ट बदलावी : सगळ्यांनी एकत्र बसावे आणि भाजी सारखी वाटून घ्यावी.

धान्य-भाजीतले लोह शरीर थोडेच शोषून घेते. मांस, मासळी, कलेजी यांतले जास्त शोषले जाते. शाकाहारी जेवणातले लोह अंगी लागावे म्हणून दोन साध्या गोष्टी कराव्यात. जेवणात लिंबू, आवळा, पेरू, टोमॅटो किंवा कैरी असावी, कारण क जीवनसत्त्वामुळे लोह चांगले शोषले जाते. आणि जेवणाबरोबर किंवा लगेच नंतर चहा घेऊ नये, कारण चहातील टॅनिन लोह अडवते. रात्रपाळी करून आलेला माणूस सकाळी चहा आणि पोळी एकदमच खातो, तिथे निदान तासाभराचे अंतर ठेवावे.

लोहासाठी बाजरी चांगली. तिच्यात शंभर ग्रॅममागे सहा मिलिग्रॅमच्या वर लोह असते, पांढऱ्या तांदळात एक मिलिग्रॅमही नसते. मेथी, तांदुळजा, राजगिरा, हरभरे, मटकी, तीळ, अळीव यांतही ते आहे. बाळंतिणीला अळिवाचे लाडू देण्याची आपली पद्धत म्हणूनच शहाणपणाची आहे. बिटाचा रंग मात्र फसवा आहे. ते लाल असते ते लोहामुळे नव्हे, त्यात लोह फारसे नसते. गुळातही लोह असते, पण हिमोग्लोबिन वाढवायला पुरेल इतका गूळ खाल्ला तर साखरच जास्त पोटात जाईल.

एक महत्त्वाची सूचना. प्रत्येक ॲनिमिया लोहाच्या कमतरतेचा नसतो. दक्षिण गुजरात, नंदुरबार, धुळे या पट्ट्यात सिकलसेल हा आनुवंशिक रक्तविकार आढळतो आणि थॅलेसीमियाचे वाहकही आपल्या समाजात असतात. लोहाच्या गोळ्या नियमित घेऊनही हिमोग्लोबिन वाढत नसेल, तर मात्रा वाढवत बसू नये, डॉक्टरांना विचारून ही तपासणी करून घ्यावी. लग्नाआधी मुलगा-मुलगी दोघांनी ती केली तर फारच चांगले.

ब-१२ : शाकाहारी घरांचा प्रश्न

ब-१२ जीवनसत्त्व सूक्ष्म जीवाणू बनवतात आणि ते आपल्याला प्राण्यांपासून मिळणाऱ्या अन्नातून मिळते : दूध, दही, ताक, पनीर, अंडी, मासे, मटण. भाजी, धान्य, फळ यांत ते जवळजवळ नसतेच. शाकाहारी माणसाने दूध-दही कमी घेतले की कमतरता आलीच. पुण्याच्या केईएम रुग्णालयात डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि सहकाऱ्यांनी पुणे परिसरातील ग्रामीण आणि शहरी पुरुषांची तपासणी केली, तिचे निष्कर्ष २००६ मध्ये प्रसिद्ध झाले. सुमारे दोन-तृतीयांश पुरुषांत ब-१२ कमी होते. खाऊन-पिऊन सुखी शहरी माणसेही त्यात होती.

ब-१२ रक्त बनवण्यात फॉलिक ॲसिडचा जोडीदार आहे आणि शिवाय मज्जातंतूंवरचे आवरण राखते. ते कमी पडले की हातापायाला मुंग्या, तळव्यांत बधिरपणा, चालताना तोल जाणे, विसरभोळेपणा, जीभ लाल होऊन आग होणे अशी लक्षणे येतात. "वय झालं, असंच होणार" म्हणून आपण ती सोडून देतो. पण फार काळ दुर्लक्ष झाले तर मज्जातंतूंची हानी कायमची राहू शकते.

इथे दोन गोष्टी सांभाळायच्या. नुसते फॉलिक ॲसिड भरपूर घेतले तर ब-१२ च्या कमतरतेतही रक्त सुधारलेले दिसते, पण नसांची हानी आतून चालूच राहते. म्हणून मुंग्या येत असतील तर ब-१२ तपासून घ्यावे. दुसरे म्हणजे मधुमेहासाठी मेटफॉर्मिन आणि ॲसिडिटीसाठी रोजची गोळी वर्षानुवर्षे घेणाऱ्यांत ब-१२ कमी शोषले जाते. आपल्या ज्येष्ठांपैकी अनेकजण या दोन्ही गोळ्या घेतात. त्यांनी डॉक्टरांना स्वतःहून विचारावे. औषध मात्र आपल्या मनाने बंद करू नये.

ड जीवनसत्त्व आणि कॅल्शियम

शरीरातले ९९ टक्के कॅल्शियम हाडांत आणि दातांत असते. उरलेल्या एक टक्क्यावर हृदयाचे ठोके, स्नायूंची हालचाल आणि रक्त गोठणे चालते. ते कमी पडू लागले की शरीर हाडांतून कॅल्शियम काढून घेते. मोठ्या माणसाला दिवसाला सुमारे १००० मिलिग्रॅम कॅल्शियम हवे आणि ते आतड्यातून नीट शोषले जाण्यासाठी ड जीवनसत्त्व लागते. लहान मुलांत ड कमी पडले की मुडदूस होतो, पाय वाकतात. मोठ्यांत हाडे ठिसूळ होतात, कंबर आणि मांड्या दुखतात.

ड जीवनसत्त्व अन्नात थोडेच असते, ते मुख्यतः उन्हाने कातडीखाली तयार होते. सुरतेत उन्हाची कमतरता नाही, पण ते आपल्या अंगावर पडते कुठे? हिऱ्याच्या कारखान्यात माणूस दिवसभर ट्यूबलाइटखाली बसतो. रात्रपाळीचा लूम कारागीर दिवसा झोपतो. घरात साड्यांना लेस-टिकली लावणारी बाई खोलीतच असते. शाळा-ट्यूशनमध्ये मुलांचा दिवस जातो. काचेतून येणाऱ्या उन्हाचा उपयोग नाही, कारण लागणारे किरण काच अडवते. आठवड्यातून काही दिवस तरी, सकाळी उशिरा किंवा दुपारी, हात-पाय-चेहऱ्यावर पंधरा-वीस मिनिटे थेट ऊन घ्यावे. उन्हाळ्यात भर दुपार टाळावी. सावळ्या कातडीला गोऱ्या कातडीपेक्षा जास्त वेळ लागतो.

कॅल्शियमसाठी दूध, दही, ताक उत्तम. नाचणीत शंभर ग्रॅममागे ३५० मिलिग्रॅमच्या आसपास, शेवग्याच्या पाल्यात आणि तांदुळज्यात ३०० च्या वर कॅल्शियम असते. तिळातही ते भरपूर आहे, संक्रांतीचा तिळगूळ नुसता तोंड गोड करण्यापुरता नाही. पालकात कॅल्शियम दिसते खरे, पण त्यातले ऑक्झॅलेट ते शोषू देत नाही. तेव्हा पालक फॉलिक ॲसिडसाठी खावा, कॅल्शियमसाठी नव्हे.

इतर महत्त्वाची जीवनसत्त्वे आणि खनिजे

अ जीवनसत्त्व डोळ्यांच्या पडद्यासाठी, कातडीसाठी आणि रोगप्रतिकारासाठी लागते. कमी पडले की आधी रातांधळेपणा येतो. गाजर, लाल भोपळा, पपई, आंबा, पालेभाज्या, दूध, अंडी यांतून ते मिळते. बाळाला नवव्या महिन्यापासून पाच वर्षांपर्यंत सरकारी केंद्रात अ जीवनसत्त्वाचे नऊ डोस देतात. गावी येण्या-जाण्यात हे डोस चुकतात, कार्ड जपून ठेवावे आणि दोन्हीकडे दाखवावे.

क जीवनसत्त्व जखम भरून येण्यासाठी, हिरड्यांसाठी आणि लोह शोषण्यासाठी लागते. आवळा आणि पेरू यांत ते सर्वांत जास्त, दोन्हींत शंभर ग्रॅममागे २०० मिलिग्रॅमच्या वर. मोठ्या माणसाची रोजची गरज ६५ ते ८० मिलिग्रॅम, म्हणजे एक पेरू पुरे. हिरव्या मिरचीतही ते असते.

ई जीवनसत्त्व पेशींचे आवरण जपते, ते शेंगदाणे आणि तेलबियांत असते. के जीवनसत्त्व रक्त गोठण्यासाठी लागते, ते पालेभाज्यांत असते. रक्त पातळ ठेवण्यासाठी वॉरफरिनसारखे औषध घेणाऱ्यांनी पालेभाजीचे प्रमाण एकदम कमी-जास्त करू नये.

आयोडीन थायरॉईड ग्रंथीसाठी लागते. गर्भात आणि बाळपणी ते कमी पडले तर बुद्धीची वाढ खुंटते. देशाचे बहुतेक मीठ गुजरातच्या किनाऱ्यावर पिकते, तरी आपल्याला हवे ते आयोडीन मिसळलेले मीठच. साध्या मिठात आयोडीन पुरेसे नसते. खाण्याचे मीठ आयोडीनयुक्तच विकावे असा २००६ पासून देशभर नियम आहे. खडे मीठ किंवा सैंधव स्वयंपाकात रोज वापरू नये. आयोडीन उडून जाऊ नये म्हणून डबा घट्ट बंद, चुलीपासून दूर ठेवावा. मात्र आयोडीन हवे म्हणून मीठ वाढवू नये, दिवसाला एक छोटा चमचा पुरे.

जस्त मुलांच्या वाढीसाठी, जखमेसाठी आणि तोंडाच्या चवीसाठी लागते. ते डाळी, तीळ, शेंगदाणे, भाकरी आणि मांस यांत असते. मुलाला जुलाब झाले की ओआरएसबरोबर चौदा दिवस जस्ताची गोळी देतात. जुलाब थांबले तरी ती पूर्ण द्यावी.

खानदेशातले ताट सुरतेत आल्यावर

आपल्यातील बहुतेकांची मुळे जळगाव, धुळे, नंदुरबारकडची. तिथले ताट आठवून पाहा : कळण्याची भाकरी, ठेचा, मेथीची किंवा अंबाडीची भाजी, मटकीची उसळ, वर कच्चा कांदा आणि ताक. ज्वारी-उडदाच्या भाकरीत धान्य आणि डाळ एकत्र, मोडाच्या उसळीत लोह शोषायला सोपे, भाजीत फॉलिक ॲसिड, ताकात कॅल्शियम आणि थोडे ब-१२. ते ताट गरिबीचे होते, उन्हाळ्यात त्यात भाजीही नसे, म्हणून त्याचे उगाच गोडवे गाण्याचे कारण नाही. पण आपण त्यातले सोडून दिले ते नेमके सकस तेवढे.

इथे पाळीच्या कामात भाकरी थापायला वेळ नाही. डब्यात मैद्याचा पाव, फरसाण, वडापाव, बटाट्याची भाजी आली. पोट भरते, वजनही वाढते, पण रक्त आणि हाडे उपाशी राहतात. माणूस अंगाने जाड आणि रक्ताने कमजोर, असे आज सर्रास दिसते.

सुरतेच्या बाजारात मात्र चांगल्या वस्तूंची कमी नाही, नावे फक्त वेगळी. शेवगा म्हणजे इथला सरगवो, तांदुळजा म्हणजे तांदळजो, नाचणी म्हणजे नागली, पेरू म्हणजे जामफळ. थंडीत आपला ज्वारीचा हुरडा इथे पोंक म्हणून मिळतो आणि सुरती पापडी, रताळी, मेथी घालून उंधियू होतो. या मोसमी वस्तू स्वस्त असताना खाव्यात.

स्वयंपाकघरात एवढे पाळावे :
– भाजी आधी धुवावी, मग चिरावी. चिरून धुतली की ब आणि क पाण्याबरोबर जातात.
– भाजी-डाळ शिजवलेले पाणी फेकू नये, आमटीत घालावे.
– हरभरे लवकर शिजावेत म्हणून खाण्याचा सोडा घालू नये, त्याने ब-१ नष्ट होते.
– कडधान्ये भिजवून मोड आणावेत.
– पीठ फार बारीक चाळू नये.
– आठवड्यातून तीन-चार दिवस तरी भाकरी आणि रोज एक पालेभाजी असावी.
– भाजी लोखंडी कढईत करावी.
– गाजर, भोपळा, पालेभाजी यांत थोडे तेल असावे, तरच अ जीवनसत्त्व शोषले जाते.

रेशनच्या तांदळाबद्दलही सांगायला हवे. काही दाणे वेगळे दिसतात म्हणून "प्लास्टिकचा तांदूळ" समजून बायका ते निवडून फेकतात. ते प्लास्टिक नव्हे. तांदळाच्या पिठात लोह, फॉलिक ॲसिड आणि ब-१२ मिसळून बनवलेले ते दाणे शंभराला एक या प्रमाणात मिसळलेले असतात. ते ठेवावेत. सिकलसेल किंवा थॅलेसीमियाच्या रुग्णांनी तेवढे डॉक्टरांना विचारावे.

गोळ्या कधी आणि कशा?

चांगले जेवण असूनही काही वेळा गोळी लागतेच : गरोदरपणी, बाळंतपणानंतर, वाढत्या मुलींना, शाकाहारी ज्येष्ठांना आणि तपासणीत कमतरता निघालेल्यांना. तेव्हा "आम्ही औषध खात नाही" हा हट्ट नको.

सरकारी कार्यक्रमात पाच ते नऊ वर्षांच्या मुलांना आठवड्यातून एकदा लोह-फॉलिकची गुलाबी गोळी, दहा ते एकोणीस वर्षांच्या मुलामुलींना निळी गोळी मिळते. गरोदर बाईला चौथ्या महिन्यापासून रोज एक याप्रमाणे १८० दिवस आणि बाळंतपणानंतर आणखी १८० दिवस लाल गोळी मिळते. या गोळीने मळमळ होते, शौच काळी होते. त्याला घाबरून गोळ्या डब्यात पडून राहतात. शौच काळी होणे साहजिक आहे. मळमळ होत असेल तर रात्री जेवणानंतर घ्यावी. लिंबूपाण्याबरोबर चालते, चहा-दुधाबरोबर नको. कॅल्शियमची गोळी वेगळ्या वेळी घ्यावी. थायरॉईडची गोळी घेणाऱ्यांनी तिच्यात आणि लोह-कॅल्शियमच्या गोळीत चार तासांचे अंतर ठेवावे. लोहाच्या गोळ्या लहान मुलांच्या हाती लागू देऊ नयेत, जास्त पोटात गेल्या तर जीवावर बेतते.

उलट, गरज नसताना गोळ्या घेऊ नयेत. पाण्यात विरघळणारी जीवनसत्त्वे जास्त झाली तर बहुतांशी लघवीवाटे जातात, पण अ आणि ड शरीरात साठतात. ड जीवनसत्त्वाचे ६० हजार युनिटचे पाकीट सहसा आठवड्याला एक, तेही ठराविक आठवडेच असते. ते रोजचे समजून घेतले तर रक्तातले कॅल्शियम वाढून मूत्रपिंडाला इजा होते. गरोदर बाईने अ जीवनसत्त्वाच्या जास्त मात्रेच्या गोळ्या स्वतःहून घेऊ नयेत, गर्भाला अपाय होतो. शेजारणीची चिठ्ठी आपल्याला लागू होत नाही.

तपासणी कुणी करावी?

हिमोग्लोबिन गरोदर बाईत ११, इतर बायकांत १२ आणि पुरुषांत १३ ग्रॅमच्या खाली गेले तर त्याला ॲनिमिया म्हणतात. पाळी सुरू झालेली मुलगी, लग्न ठरलेली मुलगी, गरोदर आणि अंगावर पाजणारी आई यांनी ही तपासणी नक्की करावी. महानगरपालिकेच्या आरोग्य केंद्रात आणि ममता दिवसाला गरोदर मातांची तपासणी, गोळ्या आणि बाळांचे डोस मिळतात. जंताचे औषधही मुलांना वर्षातून दोनदा द्यावे, कारण हूकवर्मसारखे जंत आतड्यातले रक्त शोषतात. गुजराती बोलायला अडचण वाटते म्हणून आपल्या काही भगिनी केंद्रात जात नाहीत. त्यांच्याबरोबर शेजारच्या ताईने किंवा शाळेत शिकणाऱ्या मुलीने जावे. हे काम प्रत्येक गल्लीत होण्यासारखे आहे.

ही माहिती सर्वसाधारण आहे. आजार असेल तर तपासणी आणि उपचार डॉक्टरांच्या सल्ल्यानेच करावेत. पण एक काम आज संध्याकाळीच करता येईल. जेवायला बसताना घरातल्या बाईचे ताट पाहा. तिच्या ताटात भाजी, डाळ आणि लिंबाची फोड तुमच्याइतकीच आहे ना? नसेल तर तिथूनच सुरुवात करू या.